जपानचा अर्धा धडा

आमच्या घरात जपानचे नाव फार लवकर कानावर पडले. आजोबा निजामाच्या राजवटीत शिकलेले. त्यांचे हायस्कूलचे सगळे शिक्षण उर्दूत झाले, गणितसुद्धा आणि विज्ञानसुद्धा. आम्ही नातवंडे इंग्रजी शाळेचा हट्ट धरू लागलो की ते बाजेवर बसल्या बसल्या म्हणायचे, "जापान कू देखो. अपनी जबान में पढे, होर रूस कू हराए." त्यांच्या लेखी विषय तिथेच संपायचा.

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरले. मातृभाषेतून शिक्षण हा विषय निघाला की जपान हा माझा हुकमी एक्का. गेल्या वर्षी एका उर्दू हायस्कूलच्या बक्षीस समारंभात पाहुणा म्हणून गेलो, तेव्हाही मी हेच बोललो. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर चहा घेत उभा होतो, तर नववीतली एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, मी मोबाईलवर कोरियन सिरियल बघते. त्यात जपानी लोक शाळेत मुलांना कोरियन बोलू देत नाहीत. मग ते अपनी जबानवाले कसे?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपण ज्या जपानचे कौतुक करतो आणि त्या मुलीने सिरियलमध्ये जो जपान पाहिला, ते दोन देश आहेत की एकच? त्यानंतरचे काही महिने मी जे वाचले, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

काळी जहाजे

जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात शिरला. त्यातल्या दोन वाफेवर चालणाऱ्या होत्या. काळे सांगाडे आणि काळा धूर यांमुळे जपानी लोक त्यांना काळी जहाजे म्हणू लागले. पेरीची मागणी साधी होती: बंदरे उघडा. नाही म्हटले तर काय होईल हे जहाजांवरच्या तोफा सांगत होत्या. शेजारच्या चीनचे अफूच्या युद्धात काय झाले, हे जपानच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते.

१८५४ साली पहिला करार झाला. १८५८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि हॉलंड यांनी आणखी करार करून घेतले. या करारांतली दोन कलमे जपानला फार झोंबली. परदेशी माणसाने जपानच्या भूमीवर गुन्हा केला तरी त्याच्यावर खटला त्याच्याच देशाचा वकील, म्हणजे कॉन्सल, चालवणार. आणि आयात मालावर किती जकात घ्यायची हे जपान एकट्याने ठरवू शकणार नाही. आपल्या घरात आपला कायदा नाही आणि आपल्या दारात आपली जकात नाही. ही कलमे पूर्णपणे निघायला १९११ साल उजाडावे लागले.

जपानचे आधुनिकीकरण हौसेतून किंवा पाश्चात्त्यांच्या प्रेमातून जन्मलेले नाही. त्याच्या मुळाशी भीती आणि अपमान होता. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढचे बरेचसे तिच्यातूनच निघाले.

वीस वर्षांत काय झाले

१८६८ मध्ये तोकुगावा शोगुनांची अडीचशे वर्षांची सत्ता गेली आणि तरुण सम्राट मेइजीच्या नावाने नवे सरकार आले. ते चालवणारी माणसे बहुतेक तिशी-चाळिशीतली, खालच्या दर्जाच्या सामुराई घरांतली होती. १८७१ मध्ये त्यांनी अडीचशेहून अधिक सरंजामी जहागिऱ्या एका फर्मानाने बरखास्त केल्या आणि त्यांचे जिल्हे केले. त्याच वर्षाच्या शेवटी इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली सरकारातली अर्धीअधिक वजनदार माणसे अमेरिका आणि युरोप पाहायला निघाली. ती १८७३ मध्ये परतली. सोबत शिकायला पाठवलेल्या पाच मुली होत्या. त्यांतली सर्वांत लहान त्सुदा उमेको तेव्हा सहा वर्षांची होती. तिनेच पुढे १९०० साली टोकियोत मुलींसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढली.

१८७२ मध्ये टोकियोहून योकोहामापर्यंत पहिली रेल्वे धावली, तोमिओकाची रेशीम गिरणी सुरू झाली आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. १८७३ मध्ये लष्करात सक्तीची भरती आली आणि जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के इतका रोख सारा लागू झाला.

हे ऐकायला छान वाटते. पण त्याचा खर्च कुणी भरला? शेतकऱ्याने. पीक येवो न येवो, सारा रोखीत द्यायचा. लष्करभरतीच्या जाहीरनाम्यात "रक्ताचा कर" असा शब्द होता. खेड्यांतल्या लोकांनी त्याचा अर्थ शब्दशः घेतला, सरकार अंगातले रक्त काढून नेणार असे त्यांना वाटले आणि ठिकठिकाणी दंगे झाले. तसे पाहिले तर ते फारसे चुकले नव्हते. साऱ्याविरुद्धही उठाव झाले आणि १८७७ मध्ये सरकारला तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला.

भाषेचा निर्णय

आता आजोबांच्या वाक्याकडे येतो. जपानने आपल्या भाषेतून शिकायचे ठरवले हे खरे आहे, पण तो निर्णय आपोआप झालेला नाही. मोरी आरिनोरी नावाचा हुशार तरुण त्या वेळी अमेरिकेत जपानचा राजदूत होता. त्याचे म्हणणे असे की जपानी भाषा आधुनिक ज्ञानाला अपुरी आहे, तेव्हा देशाने इंग्रजीच स्वीकारावी. १८७२ मध्ये त्याने विल्यम ड्वाइट व्हिटनी या अमेरिकन भाषातज्ज्ञाचा सल्ला मागितला. गंमत अशी, की व्हिटनीने त्याला हे करू नका असे सांगितले.

लंडनमध्ये शिकणाऱ्या बाबा तात्सुई याने १८७३ मध्ये जपानी भाषेचे व्याकरण इंग्रजीत लिहून मोरीला उत्तर दिले. त्याचा मुद्दा आजही ताजा आहे. परकी भाषा ज्ञानाची भाषा झाली तर ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा आहे तेच शिकतील. वरचा वर्ग आणि सामान्य माणूस यांच्यात भिंत उभी राहील.

अखेर बाबाची बाजू टिकली. समाज, हक्क, तत्त्वज्ञान अशा कल्पनांसाठी चिनी चित्रलिपीतून शब्द घडवले गेले. ढिगाने भाषांतरे झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे १८७३ मध्ये शंभरातली अठ्ठावीस मुले शाळेत होती. १९०२ पर्यंत नव्वदहून अधिक. तीस वर्षांत असे काम फार थोड्या देशांनी केले आहे. इथवर आजोबा बरोबर होते.

शाळेतले नमन

पण शाळा उघडली की तिच्यात काय शिकवायचे हा प्रश्न येतोच. ऑक्टोबर १८९० मध्ये सम्राटाचे शिक्षणविषयक फर्मान निघाले. मुलांनी आईबापांची सेवा करावी, अभ्यास करावा आणि वेळ पडल्यास सम्राटाच्या सिंहासनासाठी धैर्याने प्राण द्यावेत, असा त्याचा आशय. शाळाशाळांतून ते समारंभाने वाचले जाऊ लागले.

जानेवारी १८९१ मध्ये टोकियोच्या एका नामांकित सरकारी शाळेत सर्व शिक्षकांनी फर्मानावरच्या सम्राटाच्या सहीपुढे खोल वाकायचे होते. उचिमुरा कान्झो हे तिथले शिक्षक ख्रिस्ती होते. ते पुढे गेले, घुटमळले आणि नुसती मान किंचित लववली. एवढ्यावरून देशभर गहजब झाला. ख्रिस्ती माणूस देशाशी निष्ठावान असू शकतो का, यावर वर्तमानपत्रांतून चर्चा झडल्या. उचिमुरांची नोकरी गेली.

हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. कारण सांगायला नको. जो माणूस देशावर मनापासून प्रेम करतो, त्याला ते इतरांनी ठरवलेल्या एकाच पद्धतीने सिद्ध करून दाखवावे लागते, तेव्हा काय वाटते हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे.

पेरीचा शिष्य

आता कोरिया. १८७५ मध्ये जपानची एक युद्धनौका कोरियाच्या गांघ्वा बेटाजवळ गेली. किनाऱ्यावरून गोळीबार झाला, जपान्यांनी तोफा डागल्या, आणि फेब्रुवारी १८७६ मध्ये कोरियाला करारावर सही करावी लागली. त्यातली कलमे ऐका. बंदरे उघडायची. जपानी माणसाने कोरियात गुन्हा केला तर खटला जपानी वकील चालवणार. लगोलग जपानी मालाला जकातही माफ करून घेतली गेली.

पेरीच्या कराराला तेव्हा फक्त बावीस वर्षे झाली होती. जपान स्वतः अजून त्याच बेडीत होता. आपल्या पायातली बेडी निघण्याआधीच त्याने तशीच बेडी शेजाऱ्यासाठी घडवली.

मग १८९४-९५ चे चीनशी युद्ध झाले. तैवान मिळाले आणि चीनकडून भलीमोठी खंडणीही मिळाली. तिचा मोठा भाग आरमारावर आणि लष्करावर गेला, काही यावाताच्या पोलाद कारखान्यावर. ऑक्टोबर १८९५ मध्ये कोरियाची राणी मिन हिचा तिच्याच राजवाड्यात खून झाला. त्यामागे जपानचा तिथला राजदूत होता. हिरोशिमात चौकशी झाली आणि पुराव्याअभावी सगळे सुटले.

उचिमुरा कान्झोंनी १८९४ मध्ये या युद्धाला न्याय्य म्हटले होते. कोरियाला सोडवायचे आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. हाती काय आले ते पाहिल्यावर त्यांना त्याची लाज वाटली, आणि १९०३ मध्ये रशियाशी युद्धाची हवा तापली तेव्हा ते जाहीरपणे विरोधात उभे राहिले. त्यांच्या वर्तमानपत्राने युद्धाची बाजू घेतली, म्हणून त्यांनी तिथली नोकरीही सोडली. चूक केली, ओळखली आणि किंमत देऊन सुधारली. अशी माणसे कोणत्याही देशात थोडीच असतात.

१९०५ चा जल्लोष

२७ आणि २८ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अॅडमिरल तोगोने रशियाचे आरमार बुडवले. आशियात आनंदाची लाट उठली. इजिप्तच्या मुस्तफा कामिल यांनी तर आदल्याच वर्षी जपानवर "उगवता सूर्य" या नावाचे पुस्तक लिहिले होते. जपानच्या विजयांच्या बातम्यांसाठी आपण रोज वर्तमानपत्राची वाट पाहायचो, असे जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. गोरा माणूस हरू शकतो, ही त्या पिढीसाठी फार मोठी बातमी होती. त्या आनंदाची मी चेष्टा करणार नाही.

पण त्याच वर्षी १२ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांनी, लंडनमध्ये ब्रिटन आणि जपान यांच्या मैत्री कराराचे नूतनीकरण झाले. त्यात जपानचे कोरियातले वर्चस्व ब्रिटनने मान्य केले. आणि भारताच्या सरहद्दीजवळ आपली भारतीय सत्ता सांभाळण्यासाठी ब्रिटनला योग्य वाटेल ते करण्याचा हक्क जपानने मान्य केला. साध्या मराठीत सांगायचे तर: कोरिया आमचा, हिंदुस्थान तुमचा.

ज्या विजयावर आपले लोक पेढे वाटण्याइतके खूश होते, त्याच विजयाच्या जोरावर जपानने आपल्या गुलामीवर सही केली होती. नोव्हेंबरमध्ये कोरियावर संरक्षित राज्याचा दर्जा लादला गेला आणि ऑगस्ट १९१० मध्ये तो देश नकाशावरूनच पुसला गेला. नेहरूंना हे पुढे उमगले. तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्पष्ट लिहिले की जपानच्या विजयाने साम्राज्यवाद्यांच्या टोळीत आणखी एकाची भर पडली, आणि त्याचा पहिला चटका कोरियाला बसला.

भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह यांना हे स्वतःच्या अंगावर अनुभवायला मिळाले. १९०९ मध्ये ते टोकियोच्या परदेशी भाषांच्या शाळेत उर्दू शिकवायला गेले. तिथून त्यांनी ब्रिटिशविरोधी पत्र चालवले. १९१२ मध्ये ब्रिटनच्या दबावाखाली जपान सरकारने ते बंद केले आणि १९१४ मध्ये त्यांची नोकरीही गेली. आशियाचा उगवता सूर्य लंडनला विचारून उगवत होता. बरकतुल्लाह पुढे काबूलमध्ये १९१५ साली स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचे पंतप्रधान झाले.

एप्रिल १९१९

१ मार्च १९१९ रोजी कोरियन लोक स्वातंत्र्याची घोषणा करत निःशस्त्र रस्त्यावर उतरले. आंदोलन देशभर पसरले. १५ एप्रिलला जेआम-री नावाच्या खेड्यात जपानी सैनिकांनी पुरुषांना चर्चमध्ये बोलावले, दारे बंद करून गोळ्या झाडल्या आणि चर्चला आग लावली. वीसहून अधिक माणसे मेली.

तारीख पुन्हा वाचा. १५ एप्रिल १९१९. अमृतसरच्या जालियनवाला बागेत डायरने गोळ्या चालवल्या त्या १३ एप्रिलला. मध्ये फक्त एक दिवस. जेआम-रीचे नाव मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हते, याची खंत वाटते.

आमच्याच अंगणात

याच्या तीनच वर्षांनंतर, १९२२ मध्ये, हैदराबाद संस्थानचे शिक्षणप्रमुख सर रॉस मसूद जपानला गेले. ते सर सय्यद अहमद खान यांचे नातू. त्यांचा अहवाल १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. स्वभाषेतून दिलेले शिक्षण हे जपानच्या यशाचे मोठे कारण त्यांना दिसले. हैदराबादेत १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झालेच होते. या अभ्यासाने त्या प्रयोगाला बळ मिळाले. आजोबांच्या तोंडी जे वाक्य होते, ते बहुधा याच वाटेने त्यांच्या शाळेपर्यंत पोहोचले असावे.

उस्मानियाचे काम मोठे होते. वैद्यकापासून पदार्थविज्ञानापर्यंतची पुस्तके उर्दूत आणणे ही साधी गोष्ट नव्हे. मला त्याचा अभिमान आहे. पण हेही सांगितले पाहिजे, की संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे दहात एकाच्या आसपास होते. तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे, मराठी बोलणारे सुमारे पाव. मराठवाड्यातल्या कुणब्याच्या पोराला पहिल्या इयत्तांत मराठी मिळे, पण पुढे शिकायचे तर उर्दू. त्याच्यासाठी "अपनी जबान" हा शब्द कुणी वापरला नाही. जपानचा धडा आम्हीही अर्धाच गिरवला. आजोबांच्या वर्गातले मराठी मित्र कोणत्या कष्टाने उर्दूत गणित शिकले असतील, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

आज उर्दू शाळांच्या हक्काबद्दल बोलताना मला हे आठवावे लागते. तेव्हाची चूक सांगितल्याने आजची मागणी कमजोर होत नाही. उलट ती खरी ठरते.

शब्दकोशाची गोष्ट

१९३८ मध्ये टोकियोत मशीद उघडली. तिच्यामागे जपान सरकारचे पाठबळ होते. मुसलमान जगाला जवळ करायचे होते. त्याच वर्षी कोरियातल्या शाळांत कोरियन भाषा ऐच्छिक विषय झाली, आणि लवकरच शाळांतून निघूनच गेली. १९४० पासून कोरियन माणसांनी जपानी पद्धतीची नावे घ्यावीत म्हणून सक्ती सुरू झाली. त्याआधी ओकिनावात तर आपली बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची लाकडी पाटी अडकवत. १९४२ मध्ये जपानी फौजा जावात शिरल्या, तेव्हा तिथल्या मुसलमानांना टोकियोच्या दिशेने वाकायला सांगण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वी उचिमुरांना जे वाकायला लावले, तेच नमन समुद्रापार गेले होते.

ऑक्टोबर १९४२ मध्ये कोरियन भाषा संस्थेवर धाड पडली. सुरुवात एका शाळकरी मुलीच्या चौकशीतून झाली आणि अखेर तेहतीस जणांवर अटकेची वेळ आली. त्यांचा गुन्हा काय? ते कोरियन भाषेचा मोठा शब्दकोश तयार करत होते. दोघे तुरुंगातच वारले. हजारो पानांचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीनंतर जपानचे साम्राज्य कोसळले. सप्टेंबरमध्ये सोल रेल्वे स्टेशनच्या गोदामात काही पेट्या सापडल्या. त्यांत ते हस्तलिखित होते. १९४७ मध्ये शब्दकोशाचा पहिला खंड छापून आला.

बाबा तात्सुईने लंडनमध्ये बसून आपल्या भाषेसाठी व्याकरण लिहिले, आणि सत्तर वर्षांनी त्याच्याच देशाने शेजाऱ्याच्या भाषेचा शब्दकोश लिहिणाऱ्यांना तुरुंगात टाकले. दोन्ही कामे एकाच तळमळीची होती. जपानला हे दिसले नाही, कारण दुबळ्यावर अन्याय होऊ नये असे त्याने कधी ठरवलेच नव्हते. आपण दुबळे राहायचे नाही, एवढेच ठरवले होते. या दोन निश्चयांत फार अंतर आहे. रेल्वे, शाळा, पोलाद आणि तोफा दोन्हींसाठी सारख्याच लागतात. म्हणून सुरुवातीची वीस-तीस वर्षे बाहेरच्या माणसाला त्यांतला फरक कळत नाही.

त्या मुलीच्या शाळेत मी पुन्हा जाणार आहे. आजोबांचे वाक्य मी तिला खोटे ठरवून सांगणार नाही. जपान आपल्या भाषेत शिकला आणि उभा राहिला, हे खरेच आहे. फक्त त्यापुढे एक वाक्य जोडेन: "बेटा, अपनी जबान सबकू प्यारी रहती." आणि तिला मोबाईलवर सिरियल बघू द्या, असे तिच्या अम्मीलाही सांगेन.